माझ्याच चित्राला हार

मी वारले तेव्हा माझ्या हातात सत्काराचं ताट होतं. शाल, नारळ, फेटा आणि वर एक गुलाब. ताट जड होतं, त्यामुळे निषेध म्हणून हातसुद्धा वर करता आला नाही.

झालं असं. आमच्या जळकोटात बचतगटाच्या बायकांनी हस्तकलेचं आणि चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. गोधड्या, घोंगड्या, टोपल्या, मण्यांची तोरणं. उद्घाटनाला थेट पुण्याहून एक मोठे चित्रकार येणार होते. सूत्रसंचालन माझ्या काकांकडे. (गावात जिथं माईक, तिथं काका!)

मी चित्रं काढते, पण कुणाला सांगत नाही. सोलापूरच्या इंग्रजी शाळेत शिकून आल्यावर गावानं ठरवून टाकलं, की पोरीला गर्व आहे. गर्व कसला? मला बोलायची भीती वाटते! एवढी, की चित्रासाठी कुणाला समोर बसा म्हणायचंही धाडस झालं नाही. शेवटी आईची इरकल साडी नेसून मीच आरशासमोर बसले आणि स्वतःलाच रंगवलं. पुण्याच्या सरांनी ते चित्र पाहावं आणि एक वाक्य, फक्त एकच खरं वाक्य बोलावं, एवढीच इच्छा होती. तेही आजूबाजूला कुणी नसताना. म्हणून मी ते पार शेवटच्या भिंतीवर, गोधड्यांच्या आडोशाला टांगलं होतं.

पण नळदुर्गहून टेम्पोतून येताना देवीच्या तसबिरीची काच तडकली. फुटक्या तसबिरीची पूजा करत नाहीत. आणि प्रतिमापूजन झाल्याशिवाय आमच्याकडे बारशाचासुद्धा माईक सुरू होत नाही! सरांची गाडी दारात येऊन उभी, आणि काका प्रतिमा शोधत मंडपभर पळतायत.

मी तेव्हा मागच्या खोलीत शालीची घडी घालत होते. पुढचं मला नंतर कळलं. काकांनी गोधड्या बाजूला सारल्या आणि त्यांना मी सापडले.

"ह्या कोण बाई?" कुणीतरी विचारलं.

"कुणीतरी थोर असत्याल. चौकट हाय, काच हाय, डोक्यावर पदर हाय. आनखी काय पायजे? उचला!"

सख्ख्या काकांनी मला ओळखलं नाही! (चित्रकलेतली माझी प्रगती इथंच लक्षात यायला हवी होती.)

मी ताट घेऊन बाहेर आले तेव्हा मी टेबलावर होते. गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर कुंकू, पुढं समई, आणि काका माझ्याभोवती उदबत्ती ओवाळतायत. मी हाक मारली. म्हणजे तोंड उघडलं. आवाज आला नाही.

सर चित्राजवळ गेले. चष्मा लावला. कोपऱ्यातली 'मी, अनुजा' अशी माझी बारीक सही वाचली आणि एकदम गंभीर झाले. हार घातलेलं तरुण मुलीचं चित्र, त्यावर तिचीच सही. शहरातला माणूस याचा दुसरा काय अर्थ लावणार? त्यांनी काकांच्या हातातून माईक काढून घेतला. आजवर हे कुणालाच जमलेलं नाही!

"मित्रांनो, ही अनुजा आज आपल्यात नाही. पण हे डोळे बघा! किती जग पाहिलंय या डोळ्यांनी! ही रेषा बघा, काय निर्भय रेषा आहे! अशी प्रतिभा इतक्या अकाली जावी? हे चित्र मी पुण्याला माझ्या प्रदर्शनात मध्यभागी लावणार आहे."

काकांच्या हातातली उदबत्ती थांबली. त्यांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कडेला येऊन माझ्या कानात कुजबुजले, "आगं, ही तू हायस व्हय?"

"हो काका."

"मग आता हलू नगं. व्हिडिओ चालू हाय."

एवढ्यात सर माझ्यापुढे आले. सत्कार स्वीकारायला. त्यांचे डोळे पाणावले होते.

"तुम्ही ओळखत होता तिला?"

"हो," मी म्हणाले.

"जवळून?"

"बऱ्यापैकी."

"कशी होती हो?"

"अबोल."

याहून लांब उत्तर माझ्याच्यानं निघेना! सरांनी मान हलवली आणि सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. सगळा मंडप उठला. मीही, ताटासकट, माझ्यासाठी शांत उभी राहिले.

ती शांतता घोंगड्यांच्या कोपऱ्यातून फाटली. सखुमावशींना लांबचं दिसत नाही, पण नाव त्यांनी बरोबर ऐकलं होतं.

"आपली आनुजा? आवं, सकाळीच तर माझ्या घोंगड्या मांडू लागली लेकरू! न बोलता आली, न बोलताच गेली की गं!"

हा हंबरडा ऐकून चुलीपाशी चहा करणारी आई हातात गाळणी घेऊन धावत आली. तिनं आधी साडी ओळखली, मग हार पाहिला.

"माझ्या इरकलीला हार कुणी घातला? आरं मुडद्यांनो, माझी पोरगी जित्ती हाय! ही काय समोर उभी हाय खांबावानी!"

आईनं हार ओढून तोडला. झेंडू मंडपभर उधळले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. चित्राकडे पाहिलं. परत माझ्याकडे.

"तुम्ही? पण हिचं नाक..."

आणि त्या क्षणापासून चित्र बिघडत गेलं. नाक एका बाजूला झुकलेलं आहे. मानेत हाड नाही. डोळ्यांत जग वगैरे नाही, नुसती झोप आहे. सखुमावशी डोळे पुसत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "व्हय की, नाक लईच वाकडं काढलंय." बघता बघता खुर्च्या ओढून निम्मं गाव माझ्या नाकावर बोलू लागलं. आणि पुण्याचं प्रदर्शन? त्याचा विषयच निघेना.

मला असह्य झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत पूर्ण वाक्य बोलले.

"सर, चित्र तर तेच आहे!"

सर शांतपणे म्हणाले, "चित्र तेच आहे हो. पण गेलेल्या माणसाला सुधारता येत नाही, तुम्हाला येईल. आधी नाक शिका."

मला हवं होतं ते एक खरं वाक्य हेच असणार. पण ते इतक्या लोकांसमोर, आणि तेही नाकावर!

घरी आल्यावर आईनं माझी दृष्ट काढली. काकांनी समजूत घातली, "आगं, मोठ्या कलावंतांचं कौतुक मेल्याबिगर व्हत न्हाय. तुझं तर तासाभरात दोन्ही उरकलं!"

तेव्हापासून मी रोज नाकं काढते. एकही सरळ येत नाही. फारच निराश झाले, की दार लावून सरांच्या त्या भाषणाचा व्हिडिओ लावते, आणि एवढी गुणी मुलगी गेली म्हणून मनापासून हळहळते.