उपवासाच्या बटाट्यांना गाईचेच शेण

महाशिवरात्रीच्या फराळाला माझ्या परसातले बटाटे मिळतील, असे वचन मी कॉलनीतल्या पंधरा बायकांना दिले, तेव्हा कार्तिक नुकताच लागला होता आणि बटाटा जमिनीखाली धरतो, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. अंबड रस्त्यालगतच्या आमच्या वस्तीत शब्द न पाळणारी बाई वर्षभर चघळली जाते. त्यामुळे वाफ्यांबरोबर माझी अब्रूही कुदळीखाली आली.

मग खताचा प्रश्न निघाला. मागच्या गल्लीत म्हशी राखणारी आणि आम्हाला दूध घालणारी मावशी राहते. तिच्या गोठ्यामागे वर्षभर मुरलेला ढीग होता. काळाभोर, कोरडा, बोटांतून चहाच्या भुकटीसारखा ओघळणारा, आणि वास म्हणावा तर ओलसर मातीचा.

"पाहिजे तेवढं न्या बाई," ती म्हणाली. "सोन्यावाणी खत हाय."

परंतु शेजारच्या काकू, ज्या आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख आहेत, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "उपवासाचा बटाटा अन् म्हशीचं खत? त्या ढिगात काय काय पडलं असेल! गाईचंच हवं, तेही डोळ्यांदेखत पडलेलं."

मंडळाने माना डोलावल्या. सातासमुद्रापलीकडून आलेल्या या कंदाला उपवासाला कोणी चालवून घेतले, हे मात्र कोणी विचारले नाही.

भल्या पहाटे बादल्या घेऊन आम्ही वस्तीच्या कडेच्या गोठ्यातल्या गाईंच्या मागे उभ्या राहिलो. हिरवट, कोमट, वाफाळते शेण. त्याला चघळलेल्या कडब्याचा गोडसर गंध. मी त्या गंधावर भाळले आणि सगळ्या बादल्या सरींत ओतल्या. त्याच वेळी दुधाची किटली घेऊन मावशी कुंपणापाशी आली.

"हे कच्चं हाय बाई. अजून तापून राह्यलंय. खवडे येतील बटाट्याला."

"गाईचं आहे, मावशी."

"मंग? बटाट्याला काय कळतंय, गाय का म्हैस?"

तिच्या अज्ञानाला आम्ही प्रेमळपणे हसलो.

पौषात पाला असा माजला की बायका त्याच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढू लागल्या. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी खणायला बसले. गर्द हिरव्या पाल्याखाली लिंबाएवढे, अंगभर खवड्यांच्या खरबरीत खपल्या आलेले मोजके बटाटे निघाले. सोलले तर दोन वाट्या भाजी झाली असती.

मी रिकामी टोपली घेऊन मावशीकडे गेले. तिने ढिगाच्या कडेला सहज पुरलेल्या कोंबांची झाडे उपटून दाखवली. मुळांशी गुळगुळीत, तलम सालीचे, तळहात भरणारे बटाटे लगडले होते.

"देऊ का?" ती म्हणाली. "का गाईला इचारून येता आधी?"

मी मान खाली घालून टोपली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी जिरे, मिरची आणि दाण्याच्या कुटाचा तुपकट दरवळ घरभर पसरला. काकूंनी पहिला घास घेऊन डोळे मिटले. "बघा! गाईच्या शेणाशिवाय ही चव येते का?"

चौदा माना हलल्या. मी गप्प राहिले असते, तर माझा शब्द अबाधित राहिला असता. पण उंबऱ्यापाशी पान मांडून मावशीही फराळ करत होती, आणि तिने नुसते माझ्याकडे पाहिले.

"काकू," मी म्हणाले, "माझे बटाटे खवडले. हे मावशीच्या ढिगातले आहेत. म्हशीच्या."

चमचे थांबले. काकूंनी ताटाकडे पाहिले, मग पातेल्याकडे.

"आता तोंडात गेलंच आहे," त्यांनी शांतपणे निर्णय दिला, "तर अर्धवट टाकणं पाप. वाढ अजून."

पातेले पुसून निघाले. निघताना काकूंनी पुढच्या एकादशीचे बटाटे परस्पर मावशीला सांगून टाकले. माझ्याकडे भगर आणण्याचे काम आले, दुकानातून, पुडाबंद.