शमुवेलमामांची बिनदाराची गाडी

शमुवेलमामा गेल्याचं मला शाळेत कळलं. मधली सुट्टी संपत आली होती आणि माझा धाकटा भाऊ गावाहून येऊन थेट शिक्षकखोलीच्या दाराशी उभा राहिला. "आक्का, मामा गेलं," एवढंच बोलला. आम्हाला सख्खे मामा दोन आहेत, पण कोणते मामा, हे मी विचारलं नाही. पुढच्या तासाला काय शिकवलं ते आठवत नाही. तास संपला तेव्हा उजव्या मुठीत खडूचा भुगा झालेला होता...

शमुवेलमामा आमच्या नात्यातले नव्हते; ते आमच्या भागातल्या मिशनच्या छोट्या दवाखान्याची पिकअप चालवत. पुढे दोघातिघांपुरती केबिन, मागे पत्र्याचा हौदा. तिचं मूळ इंजिन बाद झालेलं, त्याजागी कुठल्याशा लहान मोटारीचं बसवलेलं. सपाटीला ती बरी चाले, चढ आला की धापा टाकी. मांडवगण फराट्याकडून दौंडला जखमी न्यायचा तर उन्हाळ्यात भीमेच्या कोरड्या पात्रातून पलीकडची दरड चढावी लागे. आणि जखमी आमच्याकडे कमी नव्हते. बांधावरून आमच्याच भाऊबंदांत कुऱ्हाडी निघाल्या, तेव्हा माझ्या वडिलांच्या म्हणजे आबांच्या चुलतभावानं, सोपानकाकांनी, आबांच्या सख्ख्या भावाच्या, तात्यांच्या मानेवर घाव घातला. मामांनी तात्यांना गाडीत घातलं. दरडीवर गाडी तीनदा बंद पडली. आबांच्या मांडीवरच तात्यांचा घसा घरघरला आणि थांबला. आबा सांगत, मामा खाली उतरले आणि जॅकच्या दांडक्यानं बॉनेट बडवू लागले. "मरायचं तर तू मरायचं व्हतं गं! त्यो कशाला मेला?" त्या बॉनेटवरचे पोचे शेवटपर्यंत तसेच होते.

त्यानंतर मामा गाडीच्या मागे लागले. मोठं इंजिन मिळण्यासारखं नव्हतं. दौंडच्या रेल्वेतल्या एका फिटर मित्राकडून त्यांनी इंजिनाचं हेड घासून घेतलं. त्यानं आतला दाब वाढतो आणि ताकद येते, असं ते आम्हाला समजावत. सायलेन्सर मोकळा केला, तर गाडी पलीकडच्या गावाला ऐकू जाऊ लागली. मग वजन. हौद्याचा जाड पत्रा गेला, तिथं पातळ फळ्या आल्या. जादा चाक गेलं. रोज वाळूची पोती भरून ते दरड चढून बघत आणि अडले की आणखी काहीतरी उतरवत. शेवटी केबिनची दोन्ही दारं गेली. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई चकित झाल्या.

"शमुवेल, दारं कुठं आहेत?"

"घरच्या न्हाणीला लावली, बाई. मार्था किती वर्सं आडोसा मागत व्हती."

"आणि तुम्ही खाली पडलात म्हणजे?"

"मंग गाडी आनखी हलकी हुईल."

पुढच्या उन्हाळ्यात सोपानकाका जामिनावर सुटले आणि त्यांनी आबांना विहिरीवर गाठलं. कोयता मांडीत हाडापर्यंत गेला. मामा आले. आई मागे आबांच्या जखमेवर लुगडं दाबून बसली, मी पुढे मामांशेजारी. नदीच्या पात्रात मोकळी बैलगाडी आडवी लावलेली होती. मामांनी वेग कमी केला, तोच आधीच येऊन दबा धरलेले सोपानकाका वाळूतून धावत आले आणि मामांच्या बाजूच्या पायरीवर चढले.

"उतर, मिशनवाल्या! तुझं न् माझं भांडान न्हाई."

"सोपान, माघं तुझा भाव हाय."

"म्हनूनच!"

कोयता खाली आला. मामांचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत उलला, रक्त माझ्या तोंडावर उडालं. दार नव्हतं म्हणून कोयता आत आला होता, आणि दार नव्हतं म्हणूनच मामांची लाथ बाहेर गेली. ती छातीवर बसली. सोपानकाका पाठीवर आपटले. बैलगाडीला वळसा घालून मामांनी गाडी वाळूतून काढली. आता स्टिअरिंगला त्यांचा डावा हात तेवढा उरला होता.

"पोरी, गिअरचा दांडा धर. वढ म्हनलो की माघं वढायचा. रडू नगंस, मंग रड."

दरड आली. "वढ!" मी दोन्ही हातांनी ओढला. इंजिन घण घातल्यासारखं ठोकू लागलं. मामा एका दमात येशूचं नाव घेत होते आणि गाडीला आईबहिणीवरून शिव्या देत होते. तात्या गेले ती जागा आली... मागून आई ओरडत होती, "हायेत! अजून हायेत!" गाडी थांबली नाही. ती दौंडच्या सर्जनच्या दारातच थांबली.

आबा लंगडे झाले, पण जगले. आबा जगले म्हणून मी शिकले, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले. मामांची दोन बोटं मात्र पुन्हा कधी मिटली नाहीत. निकालाचे पेढे घेऊन गेले, तेव्हा मी न राहवून म्हणाले, "मामा, दार असतं तर तुमचा हात वाचला असता." ते चिडले. "दार असतं तर दरडीवर आडकलो असतो. तुझा बाप कुठं ऱ्हायला असता? आन् पेढा काय, डाव्या हातानं बी खाता येतो." तो त्यांनी खाऊन दाखवला.

गेल्या आठवड्यात मार्थामामींना भेटायला गेले. उन्हातून चालत आलेली पाहून त्या म्हणाल्या, "आधी पाय धू जा." न्हाणी घरामागे आहे, अगदी रस्त्याला लागून. मूठ फिरवून आत गेले, दार ओढलं. ते अजून एका झटक्यात लागतं. बाहेरून मामी म्हणाल्या, "काच वर घे गं, रस्त्यावरनं दिसतंय." मी हँडल फिरवलं. काच अडखळत, करकरत, पण पार वरपर्यंत गेली. रस्त्यानं माणसं बोलत जात होती. त्यांच्या आणि माझ्या मध्ये ते दार होतं... ड्रायव्हरच्या बाजूचं.