हुदलीकरांचे रविवार

मी बंगलोरच्या सरकारी कारखान्यात, हिशेब खात्यात, रुजू झालो त्याच आठवड्यात आईने मिरजेहून बेसनाचे लाडू पाठवले होते. नव्या माणसाने सगळ्यांचं तोंड गोड करावं म्हणून मी डबा घेऊन प्रत्येक टेबलापाशी गेलो. सगळ्यांनी घेतले, काहींनी लाजत दुसराही उचलला. फक्त आमच्या साहेबांनी, हुदलीकरांनी, डबा हातात घेतला, वास घेतला आणि झाकण लावून परत दिला. म्हणाले, "तुला कायम करायचा कागद माझ्या टेबलावर येणार आहे. तो जाऊ दे, मग दे की."

वर्षभराने मी कायम झालो. संध्याकाळी टेबल आवरता आवरता ते म्हणाले, "काय रे, लाडू कुठं आहेत?" मी दुसऱ्या दिवशी हलवायाकडून आणले. त्यांनी तीन खाल्ले आणि तुझ्या आईच्या लाडवांच्या नुसत्या वासाचीही सर नाही, असंही ऐकवलं.

ज्याचा कागद टेबलावर, त्याच्या घरचं पाणीसुद्धा नको, हा त्यांचा नियम होता. पगार विभागात असताना ते कामगारांच्या लग्नामुंजींना जेवायला थांबत नसत, भांडारविभागात असताना कारखान्याला माल पुरवणाऱ्या शिवाजीनगरातल्या दुकानदारांकडची कॉफी घेत नसत. त्यांची खोली शिवाजीनगरातच होती, त्यामुळे ही कॉफी टाळणं म्हणजे रोजचं काम होतं. दुकानदार कानडीत थोडी कॉफी घ्यायला बोलवायचे, "बन्नी अण्णा, स्वल्प कॉफी!" हे छत्री हलवून "सरी, सरी, पुढच्या वेळी" म्हणत निघून जायचे. पुढची वेळ कधी येत नसे.

हुदलीकर मूळचे बेळगावकडचे. मॅट्रिक होऊन टंकलेखक म्हणून लागले, मग नोकरी सांभाळून बी.कॉम. झाले आणि पुढे टपालाने अभ्यास करून कॉस्ट अकाउंटन्सीच्या परीक्षेला बसले. त्यात दोनदा नापास झाले. दुसऱ्या खेपेला मी सांत्वनाला गेलो तर म्हणाले, "नापास झालो म्हणजे काय, पुस्तक अजून माझ्याकडंच आहे की." पत्नी लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती. पुन्हा लग्न केलं नाही. बंगलोरच्या मराठी मंडळींना त्यांचं मराठी कानडी वाटे, आणि कानडी शेजारी त्यांना मराठी माणूस म्हणून ओळखत. दोन्हीकडे त्यांना मान होता, पण घरचं असं कुणी म्हणत नव्हतं.

अपवाद एकच, मल्लेश्वरमचं पाटणकरांचं घर. पाटणकर आमच्याच कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांचे कागद दुसऱ्या साहेबांकडे जात, म्हणून हुदलीकरांना तिथे मोकळीक होती. दर रविवारी दुपारचं जेवण त्यांच्याकडे. मी एकटा राहतो म्हटल्यावर मलाही घेऊन जाऊ लागले. स्वयंपाकघरातच पाट मांडलेले असत. पाटणकरांच्या पत्नीला, सुमतीवहिनींना, ते अक्का म्हणत आणि आमटी तिसऱ्यांदा मागून घेत. पाटणकर त्यांच्यावर ओरडत, "मन्या, लेका, माझ्यासाठी ठेव थोडी!" ऑफिसात सगळ्यांना धाक असलेला हा माणूस त्यावर पोरासारखा हसायचा आणि वाटी आणखी पुढे करायचा. मला ते रविवार फार आवडायचे.

साठ सालानंतर त्यांना फायनान्शियल कंट्रोलर करायचं ठरलं. तोवर त्या खुर्चीवर दिल्लीहून आलेले अधिकारी बसत. टंकलेखक म्हणून लागलेला माणूस तिथवर पोचला, म्हणून खात्याने त्यांना हार घातला. पण कंट्रोलर म्हणजे कारखान्यातल्या झाडून सगळ्या खर्चाला त्याची संमती हवी. भट्टी असो की खुर्चीचा पाय, कागद त्याच्याचकडे जाणार. पाटणकरांचासुद्धा.

सूत्रं हाती घेण्याआधीच्या रविवारी ते नेहमीसारखे जेवले. हात धुऊन आले आणि उभ्यानेच म्हणाले, "अक्का, हा शेवटचा रविवार बघा."

वहिनींना आधी थट्टा वाटली. "का हो? साहेब झालात म्हणून आमची आमटी कडू लागायला लागली?"

"कडू लागली असती तर सोपं होतं की," ते म्हणाले.

पाटणकर चिडले. "मन्या, तू काय माझ्याकडे आमटी पिऊन सह्या करणार आहेस? कोण म्हणतंय तसं?"

"कुणी म्हणायच्या आधीच थांबलेलं बरं," म्हणून ते चपला घालून निघाले. मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. वहिनींनी ताक ठेवलं होतं, ते पीत बसलो.

पुढे मी रविवारी एकटाच जात राहिलो. वहिनी दर वेळी विचारत, "जेवतात ना वेळेवर?" सोमवारी ऑफिसात हुदलीकर विचारत, "काल काय होतं?" मी मेनू सांगायचा. ते मान हलवून पुन्हा कागदात डोकं घालत. एकदा मी वांग्याचं भरीत म्हणालो तर पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "कांदा कच्चाच घातला होता?" मला तेव्हा हसू आलं होतं. आज येत नाही.

तीनेक वर्षांनी पाटणकरांनी एका नव्या भट्टीचा प्रस्ताव पाठवला. हुदलीकरांनी शंका काढून तो दोनदा परत केला आणि तिसऱ्यांदा संमती दिली. काम चोख होतं. पण दिल्लीहून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दोन मराठी आडनावं एकाच कागदावर दिसली आणि त्याने खोदून विचारायला सुरुवात केली. चौकशी अर्ध्या दिवसात आटोपली, कारण हुदलीकरांनी संमती देतानाच फायलीत इंग्रजीत टिपण लिहून ठेवलं होतं. त्याचा अर्थ असा, की सदर अधिकाऱ्याच्या घरी माझे जाणे-येणे नाही. दोघेही निर्दोष सुटले.

ते टिपण पाटणकरांनी चौकशीतच पहिल्यांदा वाचलं. त्या रविवारी ते जेवले नाहीत. ताटावर बसून म्हणाले, "तो येत नाही म्हणून आम्ही इथे हळहळत होतो. त्याने ते पुरावा म्हणून लावून ठेवलं." त्यानंतर वहिनींनी हुदलीकरांची विचारपूस करणं सोडलं, आणि मीही सोमवारचा मेनू सांगणं टाळू लागलो.

सहा वर्षं कंट्रोलर राहून हुदलीकर निवृत्त झाले. निरोपसमारंभात ते पाटणकरांपाशी गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता माझं टेबल रिकामं झालं. येऊ का रविवारी?"

पाटणकर म्हणाले, "अवश्य या."

मीच त्यांना घेऊन गेलो. त्यांनी नवं धोतर नेसलं होतं, अक्कांसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला होता. बाहेरच्या खोलीत टेबलावर चिनी मातीच्या बशा मांडल्या होत्या. आमटी होती, भरीत होतं, सगळं त्यांच्या आवडीचं. वहिनींनी मनापासून केलं होतं हे कळत होतं. पण पाटणकर म्हणाले, "साहेब, थोडी भाजी घ्या ना." हुदलीकरांचा हात क्षणभर ताटावरच थांबला. मग त्यांनी भाजी घेतली, छान झालीय म्हणाले. आमटी दुसऱ्यांदा मागितली नाही. हवापाण्याचं बोलणं झालं, बेळगावला पुतण्याकडे जायचं ठरतंय हे सांगून झालं, आणि अडीचच्या आत आम्ही रस्त्यावर होतो.

पुढच्याच महिन्यात ते बेळगावला गेले आणि दोन वर्षांनी तिथेच वारले. पुतण्याचं कार्ड आलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. माझ्यापुरते ते त्या दुपारी, मल्लेश्वरमच्या बसथांब्यावरच गेले होते.

त्या दिवशी थांब्यावर बराच वेळ बस आली नाही. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्याचा कागद मी चेअरमनकडं पाठवायचा होता. 'हा माझ्या घरोब्यातला माणूस, तुम्ही बघा.' एवढं लिहिलं असतं तर चाललं असतं की. कायद्यात बसत होतं. पण मला वाटलं, माझ्याइतकं बारीक कोण बघणार?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला माहीत होतं काय रे, असं करता येतं म्हणून?"

मला माहीत होतं. पहिल्याच महिन्यात मी नियमावलीत ते वाचलं होतं. तीन वर्षं दर सोमवारी त्यांच्यासमोर उभं राहून मी काल काय जेवलो ते सांगत आलो, पण हे सांगितलं नाही. साहेबांना शिकवायला गेलो तर ते काय म्हणतील याची भीती होती. माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता.

"बस आली," मी म्हणालो.

ते चढले आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून माझ्यासाठी ती धरून बसले. मला इथेच थोडं काम आहे, असं खालूनच सांगून मी मागे राहिलो. त्यांच्या शेजारी बसायची मला हिंमत झाली नाही.