वास तोच, कापराचा

पॅरालिसिसचा झटका येऊन काही महिने लोटले होते. उजवा हात अजून जड होता, पण घणसोलीच्या आमच्या सोसायटीत मी एकट्याने फेऱ्या मारू लागलो होतो. अशाच एका दुपारी घरात कापराचा वास दरवळला. "कापूर लावलास का गं?" मी बायकोला विचारलं. "अहो, फोडणी आहे ती, भेंडीची!" ती आतून हसत म्हणाली. मग खिडकीतला उजेड दाट झाला, घर हळूहळू लांब गेलं आणि पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा ती माझा हात धरून रडत होती.

डॉक्टर म्हणाले, झटक्याने मेंदूला जी इजा झाली त्यातून ही फिट आली, तो वासही तिचाच भाग. गोळी एकही चुकवायची नाही. गोळ्यांनी फिट येणं थांबलं आणि वासही थांबला. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. जन्मभर देवीची पूजा केली, पण त्या वासाइतकं जवळ माझ्या कधी कुणी आलं नव्हतं. ती आईच होती, असं मनाने घेतलं ते घेतलंच. नवरात्रात कडक उपवास धरला आणि गुपचूप गोळ्याही सोडल्या. बायकोने विचारलं की "घेतली गं" म्हणायचो.

अष्टमीच्या सकाळी तिला न सांगता तळवलीच्या गावदेवीला गेलो. ओटी भरायला बायकांची रांग होती. पायरीपाशी तो वास आला. आई आली, असं म्हणून मी हात जोडले. उजेड दाट झाला.

डोळे उघडले तर माझं डोकं एका अनोळखी म्हातारीच्या मांडीवर. मला कुशीवर वळवून ती पदराने माझं तोंड पुसत होती. पायरीची दगडी कड माझ्या कपाळाशीच होती. मी पडताना तिनेच सावरलं होतं मला; तिच्या ओटीचे तांदूळ माझ्या सदऱ्यावर सांडले होते. "देवी आली होती," मी पुटपुटलो.

"आली आसल, पोरा," ती म्हणाली. "पन आय लेकराला उचलते, पाडत नाय. घरी कोन हाय तुला?"

साठी उलटलेला मी, त्या 'पोरा' शब्दाने लहान मुलासारखा रडलो. घरी कोण आहे, हेच मी विसरलो होतो. कुणीतरी फोन लावला. बायको रिक्षातून अनवाणी धावत आली, तोवर म्हातारी गर्दीत निघून गेली होती. ती कोण, याचा शोध मी घेतला नाही. तिला नमस्कार मात्र रोज करतो.

आता गोळी बायकोच्या हातून घेतो, कपाळाला लावून. आईने कधी, कसं यायचं ते तिच्यावर सोडलंय. संध्याकाळी आरतीला कापूर पेटवतो आणि न चुकता बायकोला विचारतो, "वास येतोय का गं?"

"येतोय हो," ती म्हणते, "मलापण येतोय."