लाल दोऱ्याच्या दोन बाटल्या

केराच्या टोपलीत लाल दोऱ्याचे दोन तुकडे दिसले आणि प्रयोगशाळेच्या मावशींनी हातातला झाडू तिथेच टाकला.

दोरे त्यांचेच. बावीस वर्षांपूर्वी त्या शाळेत झाडूकामाला लागल्या आणि प्रयोगशाळा झाडता झाडता तिथल्याच होऊन गेल्या. ॲसिडच्या वाफेने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या चार महिन्यांत विरतात, म्हणून त्यांनी आपली पद्धत बसवली होती. पाणी घालून सौम्य केलेल्या ॲसिडच्या बाटलीला पांढरा दोरा, जहालला लाल. घरी मीठ-साखरेच्या डब्यांनाही दोरे. सून म्हणायची, "आई, एक दिवस माझ्याही गळ्यात बांधाल, लाल." मावशी म्हणायच्या, "तुला कशाला? तू लांबूनच ओळखू येतेस."

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका शाळेत परीक्षानळी फुटून मुलगा भाजला. लगेच वरून हुकूम सुटला: प्रयोगशाळा तपासा, धोका दिसला तर कुलूप लावा आणि प्रयोग पडद्यावर दाखवा. आज तपासणी समितीच्या बाई नववीचा तास बघायला आल्या होत्या. म्हणून विज्ञानाच्या नव्या सरांनी काल स्वतःच कंबर कसली होती. माणूस वाईट नाही, पण उत्साह उतू जाणारा. त्यांनी कळकट दोरे कापून टाकले आणि दहाच्या दहा तपकिरी बाटल्यांवर एकसारख्या छापील चिठ्ठ्या डकवल्या, 'विरल आम्ल', म्हणजे सौम्य ॲसिड. त्यांतल्या दोन जहाल आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तर कुणाला? मावशींना? मावशींना त्यांनी एवढंच बजावलं होतं, "आज तुम्ही फक्त पाण्याचं बघा."

मावशींनी कपाट उघडलं. आठ बाटल्या वर्गात गेल्या होत्या, दोन उरल्या होत्या. एक उचलली, मग दुसरी. दोन्ही हलक्या. जहाल ॲसिड पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतं. हे मावशींनी कुठे वाचलं नव्हतं, त्यांच्या मनगटाला ते माहीत होतं. म्हणजे जहालच्या दोन्ही बाटल्या आत्ता पोरांच्या पुढ्यात होत्या.

ओरडलं तर कुलूप. गप्प बसलं तर एखाद्या लेकराचा हात, नाहीतर डोळा. मावशींनी फडकं उचललं आणि टेबलं पुसायच्या मिषाने आत शिरल्या.

पहिलं टेबल. बाटली उचलली, खाली पुसलं, ठेवली. हलकी. दुसरं, हलकी. सर फळ्याजवळून डोळे वटारत होते. "ड्रॉपर भरा, पण मी सांगेपर्यंत थेंब टाकायचा नाही," असं ते मुलांना सांगत होते. तिसरं टेबल, चौथं. दोन्ही हलक्या. मावशींच्या पाठीवरून घामाची धार वाहत होती आणि चेहरा मात्र फरशी पुसतानाचा असतो तसाच होता.

पाचव्या टेबलाशी त्यांचं मनगट खाली गेलं.

तिथल्या मुलीने ड्रॉपर भरून जस्ताच्या तुकड्यांवर धरला होता. मावशींनी तिचं मनगट पकडलं. "हलू नकोस, बाळा," त्या कुजबुजल्या. "हळूच परत बाटलीत." मुलीला वाटलं गंमत आहे, ती हसली. एक थेंब तिच्या वहीवर पडला आणि तिथला कागद बघता बघता काळा पडला. मुलीचं हसू जागच्या जागी थिजलं. मावशींनी वहीवर फडकं टाकलं.

समितीच्या बाई वळल्या. "काय झालं?"

"काही नाही," सर घाईघाईने म्हणाले. "मावशींना सारखी पुसापुशी करायची सवय आहे."

बाई हसल्या आणि वहीत काहीतरी लिहू लागल्या. निभावलं होतं. पण तीन टेबलं उरली होती आणि तिन्हीकडे ड्रॉपर भरलेले होते. मावशींना हात दोनच.

"थेंब टाका," सर म्हणाले.

"कुणी टाकायचा नाही!" मावशी अशा ओरडल्या की खिडकीच्या काचा थरथरल्या. "ड्रॉपर बाटलीत ठेवा, हात मागे घ्या! सगळ्यांनी!"

दुसरी जहाल बाटली आठव्या टेबलावर सापडली. मावशींनी फडकं उचलून बाईंना मुलीची वही दाखवली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "चिठ्ठ्या मी लावल्या," ते कसेबसे म्हणाले. बाईंनी वही हातात घेऊन तो काळा डाग नीट पाहिला.

"मावशी, तुम्ही होतात म्हणून वाचलं," त्या म्हणाल्या. "पण दर वेळी तुम्ही असाल का? सांगा, मी काय लिहू?"

"आहे ते लिहा," त्या म्हणाल्या.

दुपारी मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेला कुलूप लावायला किल्ली मागितली. बत्तीस परीक्षानळ्या धुऊन देते म्हणून मावशींनी तासभर मागून घेतला. राग सरांचा आला होता, बाईंचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाचा आला होता. तेवढ्यात पाचव्या टेबलावरची ती मुलगी दारात आली.

"मावशी, प्रयोग उद्या पुरा करायचा ना?"

मावशींनी ओले हात पदराला पुसले.

"आधी इकडे ये. हात दाखव."

मुलीने हात पुढे केला. मावशींनी तो उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पाहिलं. कुठे साधा ओरखडाही नव्हता. तरी कितीतरी वेळ त्यांनी तो हात सोडला नाही.