येसाजीने बसवलेली फळी

येसाजी सुतारासारखा हात आमच्या थळच्या बंदरात दुसरा नव्हता. माणूस गेल्यावर चांगलं बोलायचं असतं म्हणून मी हे बोलत नाही. त्याच्याबद्दल चांगलं बोलायला मला तोंडच राहिलेलं नाही. त्याने सांधलेल्या होडीत पाणी शिरलं असं कुणी दाखवून द्यावं, मी मिशी उतरवून देतो. पण एकतीस साली दुरुस्तीला ओढलेलं गलबत टेकूवरून घसरलं आणि त्याचा उजवा गुडघा चेचला. चिखलात उकिडवं बसून होडीचं पोट ठोकायचं काम संपलं. बायको कृष्णाबाई सुकी मासळी विकून चूल पेटवायची आणि हा ओसरीवर लोकांचे पाट तासत बसायचा. मला ते बघवत नसे.

मी तेव्हा अलिबागला दत्तात्रेयराव वकिलांची मोटार चालवायचो. मोटार जुनी, मुंबईत कुणी वापरून टाकलेली, पडावात घालून खाडीतून धरमतरला उतरवलेली. आत हातातल्या चाकासमोर एक लाकडी फळी होती, तिच्यात काटे आणि काचा बसवलेल्या. खाऱ्या हवेने ती आधीच उकलली होती. एके दिवशी खड्ड्यात दणका बसला, फळीचे दोन तुकडे झाले आणि वेगाचा काटा माझ्या मांडीवर लोंबायला लागला.

वकीलसाहेब त्याच वर्षी भागीदारीत रेवसच्या रस्त्यावर उतारूंच्या सर्व्हिस मोटारी सुरू करणार होते. त्यांचे सांगाडे लाकडाचे, म्हणजे कायमचा सुतार लागणार, महिन्याचा पगार, आणि काम बाकावर बसून. मी येसाजीचं नाव सांगितलं. साहेब म्हणाले, "ही फळी नीट करून दाखवू दे. जमलं तर पाडव्यापासून त्यालाच ठेवतो."

माघाचे चार दिवस तो त्या फळीवर बसला होता. जुनं सागवान घेतलं, एक खिळा दिसू दिला नाही, भोकं अशी कापली की काचा दाबून बसल्या. आणि शेवटी जन्मभर करत आला तेच केलं. मुशी माशाच्या काळजाचं तेल तीन वेळा चोळून जिरवलं. आमच्याकडे लाकूड जगवायचं तर दुसरं काही लावतच नाहीत.

"आता मोटार मरंल, पन ही फळी मरत न्हाय," तो म्हणाला.

मी फळीवरून हात फिरवला, जवळ तोंड नेऊन बघितली. नाकाला काही लागलं नाही. कसं लागणार? ज्या घरात जन्मलो, त्या घराला तोच वास. साहेब खूष झाले. थंडी होती, मोटारीचं टप उघडं होतं, त्यांनाही काही कळलं नाही.

फाल्गुनात साहेबांच्या घरची मंडळी चौलला लग्नाला निघाली. ऊन रणरणत होतं. धुळीसाठी टप चढवलं, बाजूचे पडदे बांधले. आत फळी तापली आणि तेल सुटलं. वकिलीणबाईंना वाटेत दोनदा उलटी झाली. मांडवात त्यांच्या शालूला वास येतो म्हणून बायका सरकून बसल्या. असा अपमान त्या घराने कधी सोसला नव्हता.

घरी आल्यावर साहेबांनी मला उभं केलं. "मोरू, तुला वास आला नाही? का तूही त्यातलाच?"

एवढं म्हणायचा अवकाश, माझी नोकरी मला डोळ्यांसमोर जाताना दिसली. मी म्हणालो, "आला होता साहेब. मी त्याला म्हटलं, हे तेल लावू नको. त्याने ऐकलं नाही." असली जीभ झडून का गेली नाही, हे मी आजवर स्वतःला विचारतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बोलावण्यावरून येसाजी बैलगाडीने आला. फळी उपटून विहिरीपाशी टाकलेली होती. साहेब ओटीवरूनच बोलले, "तुझ्या गावच्या माणसाला वास आला, त्याने तुला सांगितलं, तरी तुझा हट्ट. पाडव्याला येऊ नकोस."

मी त्याला काही सांगितलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "व्हय साहेब. यानं सांगितलं व्हतं. चूक माझी हाय."

मला वाचवून तो लंगडत फाटकाबाहेर आला. मी मागे गेलो. शिव्या देईल म्हणून तयारच होतो. त्याने आपले दोन्ही तळवे नाकाशी नेले, हुंगले आणि हळूच विचारलं, "मोरू, खरं सांग. माझा वास येतो तुला?"

नाही म्हणायचं तर मी साहेबांपुढे खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं. तेवढीही छाती मला झाली नाही. मी खाली बघत राहिलो आणि तो समजायचं ते समजला.

त्यानंतर तीन वर्षं तो जगला. देवळात, पारावर, कुणाच्या ओटीवर, तो माझ्या शेजारी कधी बसला नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात मांडवाबाहेर, वारा जिकडे जात होता तिकडच्या कडेला जेवायला बसला. मी भात वाढायला वाकलो, तर अंग चोरून मागे सरकला.