वैजूताईंची कॉफी संपेपर्यंत

मुलुंड पूर्वेच्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत कुणी गेलं, की स्मशानातून माणसं परतायच्या आत त्या घरात एक भलामोठा स्टीलचा थर्मास पोचलेला असायचा आणि त्याच्या मागे धापा टाकत वैजूताई साळवी. ज्या घरातलं माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पिठलं-भात येईपर्यंत रडून घसा कोरडा पडलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न फक्त वैजूताईंना पडायचा. नुसत्या दुधाची कॉफी, सढळ हाताने साखर आणि वरून किसलेलं जायफळ. कप भरायच्या आणि स्वतःचा कप घेऊन समोर फतकल मारून बसायच्या. बाकीचे दहा मिनिटं बसून, हात जोडून निघून जायचे, या हलायच्या नाहीत. "नुसतं ओतून पळायला मी काय पंगतीतली वाढपी आहे?" असं म्हणायच्या.

वैजूताई जाड होत्या. हे मी सांगायची खरं तर गरज नाही, कारण उभा जन्म लोकांनी त्यांना तेच सांगितलं. भाजीवाला सांगायचा, नणंद सांगायची, जिन्यात भेटलेला कुणाचा तरी पाहुणा सांगायचा. त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. एकदा डॉक्टरकडून तणतणत आल्या आणि माझ्या दारातच सुरू झाल्या, "अगं अनू, सर्दीचं औषध मागायला गेले, तर म्हणतो वजन कमी करा. नाक जाड झालंय का माझं?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच राग आला होता, आणि आता वाटतं, तो यायलाच हवा होता.

पुढे मधुमेह हाताबाहेर गेला, गुडघे बोलायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचं घर म्हणजे रोजची शिक्षा झाली. मोठ्या डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सुचवलं. जठराचा बराचसा भाग काढून टाकायचा, म्हणजे खाणं आपोआप कमी होतं. साळवीकाका घाबरले. ते बँकेतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. वैजूताईंनीच त्यांना धीर दिला. "मी बारीक व्हायला नाही जात, जिना चढायला जातेय," हे त्यांनी हॉस्पिटलला निघताना सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

ऑपरेशन झालं आणि लोकांनी चक्क बाजू बदलली. इतकी वर्षं "वजन कमी करा" म्हणून डोकं खाणारी तीच माणसं आता म्हणायला लागली, "एवढं काय नडलं होतं? चालायला गेल्या असत्या तर!" कुणी म्हणालं, शॉर्टकट मारला. कुणाला केस विरळ दिसले, कुणाला चेहरा उतरलेला दिसला. चार महिन्यांनी ही बाई रेलिंगला हात न लावता जिना चढली, ते मात्र एकालाही दिसलं नाही. माझं रक्त उकळायचं. वैजूताई म्हणायच्या, "जाड होते तेव्हा यांची होते, बारीक झाले तरी यांचीच. माझी मी कधी होणार गं?"

त्यांना खरा त्रास झाला तो कॉफीचा. सुरुवातीला कॉफी पूर्ण बंद होती. मग आहारतज्ज्ञ बाईंनी परवानगी दिली, पण केवढ्या अटी घालून! साखर नको, दूध पातळ, जेवणाबरोबर किंवा जेवणाला लागून अजिबात नाही आणि एकदम घोट घ्यायचा नाही. चमचा-चमचा करत अर्धा तास. परवानगीच्या पहिल्या दिवशी मी तिथेच होते. काकांनी स्वतः कॉफी केली होती. वैजूताईंनी कपाला ओठ लावला, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "साखर नाही, साय नाही, मेलं निम्मं पाणी. पण जायफळ आहे गं. तेवढं माझं मला परत मिळालं."

तेव्हापासून साळवीकाकांनी एक गोष्ट केली, जी मी दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला करताना पाहिली नाही. हा माणूस आयुष्यभर दोन घोटांत बशी रिकामी करणारा. तो आता आपला चहा घेऊन बायकोसमोर बसायचा आणि तिचा कप संपेपर्यंत उठायचा नाही. चहावर साय धरायची, पार थंडगार व्हायचा, तरी काका बसलेले. कधी पेपरातलं काही वाचून दाखवायचे, कधी नुसतेच बसायचे. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "काका, तुमचंही ऑपरेशन झालं की काय?" तर म्हणाले, "एकटीने काय प्यायचं? बरं दिसत नाही ते."

बाकी कुणाला एवढा वेळ नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या नेनेवहिनींकडे हळदीकुंकू होतं. उपमा आणि कॉफी एकाच ट्रेमधून फिरत होती. वैजूताई म्हणाल्या, "उपमा राहू दे, मला बिनसाखरेची थोडी कॉफी दे फक्त." नेनेवहिनी दचकल्याच. "अय्या, नको हो वैजूताई, तुम्हाला चालत नाही ना! उगाच काही झालं म्हणजे?" आणि ट्रे पुढे गेला. बायका खाऊन-पिऊन निघाल्या, वैजूताई रिकाम्या हाताने बसलेल्या. हळूहळू सोसायटीत ठरूनच गेलं की साळवीबाईंना काही चालत नाही. मग त्यांना बोलवायचं कशाला आणि त्यांच्याकडे जायचं तरी कशाला? पोट डॉक्टरांनी लहान केलं होतं, ते त्यांना विचारून. घरी येणारी-जाणारी माणसं लोकांनी परस्पर कमी केली, तीही काळजीच्या नावाखाली. मला त्या काळजीचा आजही संताप येतो.

मग काका गेले. सकाळी अंघोळीला निघाले आणि दारातच कोसळले, बस्स. संध्याकाळी पुरुष माणसं स्मशानातून परत आली. वैजूताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून रडल्या नव्हत्या, एक शब्द बोलल्या नव्हत्या. नेनेवहिनी कॉफी घेऊन आल्या. थर्मास वैजूताईंचाच, त्यांच्याच ओट्यावरून उचलून नेलेला. लेकीला कप दिला, जावयाला दिला, दिरांना दिला, मला दिला. वैजूताईंसमोरून त्या तशाच पुढे गेल्या.

"आणि मला?"

सगळी खोली दचकली. नेनेवहिनी अडखळल्या. "अहो, तुम्हाला चालत नाही ना... यात साखर आहे."

"मग बिनसाखरेची एक कपभर करता आली नाही? माझा नवरा गेलाय. माझी कॉफी नाही गेली." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अनू, तू करून आण. जायफळ घाल."

मी धावत घरी गेले. जायफळ किसताना बोट सोललं. कप आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिला घोट घेतला. तेवढ्यात, आपली भेट झाली असं समजून, नेनेवहिनी आणि आणखी चार-पाच जण हात जोडून उठायला लागले.

"बसा," वैजूताई म्हणाल्या. "कुणी उठायचं नाही. हा माणूस रोज माझा कप संपेपर्यंत बसला. आज तुम्ही बसा."

सगळे बसले. काय बिशाद होती कुणाची! कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, कुणाचा फोन वाजला तो त्याने बंद केला. वैजूताई थेंब-थेंब कॉफी पीत होत्या आणि त्या खोलीत दुसरा आवाज नव्हता. कप निम्मा झाला आणि त्या बोलायला लागल्या. काका पेपरातली कुठली बातमी वाचताना हसायचे, साय धरलेला चहा कसा तोंड वाकडं न करता प्यायचे. बोलता बोलता रडू फुटलं. लेक येऊन बिलगली. नेनेवहिनीही पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. त्यांच्यावरचा माझा राग काही गेला नाही, पण त्या उठल्या नाहीत, हेही सांगायला हवं.

गेल्या वर्षी आमची इमारत पुनर्विकासाला गेली. सगळे पांगले. वैजूताई दहिसरला लेकीच्या टॉवरमध्ये राहायला गेल्या. निघताना मी म्हटलं, "थर्मास आमच्यासाठी ठेवून जा, तुमची आठवण." तर फणकारल्या, "तुम्हाला देऊन काय करू? तुम्ही ओतता आणि पळता!" आणि तो पोटाशी धरून टॅक्सीत बसल्या.

परवा त्यांचा फोन आला. आवाज तसाच तापलेला.

"अनू, इथे अकराव्या मजल्यावर एक म्हातारी गेली. मुलगा एकटाच घरात. लोक येतात, चपला काढत नाहीत, दारातूनच हात जोडतात की परत लिफ्ट! पोटातली माया आटली की काय यांची? मी गेले थर्मास घेऊन."

"ओळख होती तुमची?"

"ओळख कशाला लागते? त्याला साखरेची दिली, माझी बिनसाखरेची वेगळी नेली होती. कोणीतरी पोरगी मला म्हणते, आजी, झालं असेल तर त्यांना आराम करू द्या. मी म्हटलं, बाळा, झालेलं नाही. माझं ऑपरेशन झालंय, मला अर्धा तास लागतो."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी विचारलं, "मग तो मुलगा काही बोलला का?"

"बोलला ना. कप निम्मा झाल्यावर," वैजूताई म्हणाल्या. "त्याच्या आधी कुणी बोलत नाही गं."